तिसऱ्या मजल्यावरचा वास

सांगतो, पण एका अटीवर. चहा संपेपर्यंत कुणी मध्ये हसायचं नाही. हसायचं ते शेवटी, आणि माझ्याकडे बघून. या किश्श्यात मूर्ख एकच आहे आणि तो तुमच्यासमोर बशीत चहा ओतून बसलाय.

आधी दोन गोष्टी कबूल करून टाकतो. पहिली, मी स्वतःला फार सुधारलेला माणूस समजतो. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली, उरलेला वेळ वाचनालयात. गोऱ्यांनी काळ्यांना कसं वागवलं यावर ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर माझी दोन भाषणं झालीत. दुसऱ्याला माणसं जरा कमी होती, ते सोडा.

दुसरी गोष्ट, मला वास येत नाही. त्या मोठ्या साथीत ताप आला, ताप गेला आणि जाताना नाकातला वास घेऊन गेला. तेव्हापासून माझं नाक फक्त चष्मा टेकवायच्या कामाचं आहे. हे बायको सोडून कुणाला माहीत नव्हतं. कशाला सांगायचं? सोसायटीचा सेक्रेटरी आहे मी. सेक्रेटरीला गॅस गळलेला कळत नाही म्हटल्यावर पुढच्या वेळी निवडून कोण देणार? तसं दुसरं कुणी उभंही राहत नाही, पण तत्त्व म्हणून.

तर, नौपाड्यातली आमची बिल्डिंग चार मजली. तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं. एक माझं, म्हणजे गुप्त्यांचं. समोरचा फ्लॅट डोंबिवलीला राहणाऱ्या वैद्यांचा, तो कायम भाड्याने. यंदा उन्हाळ्यात तिथे एक मुलगी आली. मिझोरमची, माजिवड्याच्या एका हॉस्पिटलात नर्स. नाव लालरिनपुई. भाडेकरूच्या फॉर्मवर मी ते तीनदा खोडलं, तेव्हा तीच म्हणाली, "अंकल, रिनी लिखो."

मी तिला दोन-चार साधे प्रश्न विचारले. घरी कोण कोण, ड्युटी कधी, जेवायला काय काय खाता. शेवटचा प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या जाधवांना मी गेल्या वीस वर्षांत विचारलेला नाही, हे माझ्या लक्षात आलं ते फार नंतर.

जूनमध्ये बायको मुलीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला गेली. जाण्याआधी तिने आगोट भरली. म्हणजे पावसाळ्यात ताजी मासळी मिळत नाही, म्हणून मे महिन्यातच सुकी भरून ठेवायची. सोडे, सुकट, बोंबील, सगळं एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात, डबा स्वयंपाकघरातल्या माळ्यावर. "पंधरा दिवसांनी ऊन दाखवत जा हो," एवढं एक काम मला सांगितलं होतं.

मी जुलैत एकदा दाखवलं. डबा उघडा करून गॅलरीत ठेवला आणि पेपर वाचता वाचता मला डुलकी लागली. उठून बघतो तर सर येऊन गेलेली. मी झाकण घट्ट लावलं आणि डबा जागच्या जागी ठेवून दिला. रात्री फोनवर बायकोने विचारलं, "ऊन दाखवलंत?" मी म्हटलं, "दाखवलं." यात खोटं काहीच नव्हतं. पाऊसही दाखवला, एवढं सांगायचं राहिलं.

माझं जेवण पोळी-भाजी केंद्राच्या डब्यावर चाललेलं. त्यामुळे माळ्याकडे मी पुन्हा मान वर करून पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये जाधव मला जिन्यात भेटले. हे मूळचे मालवणकडले, तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी फार जपून बोलत होते.

"गुप्ते, तुमच्या मजल्यावर जरा वास येतोय."

"कसला?"

"आता कसला म्हणजे... तुम्हाला येतच असेल की."

"येतो ना," मी म्हटलं. सेक्रेटरीने असं म्हणावंच लागतं. "उग्र आहे."

"मग बघा जरा. वहिनीही नाहीत सध्या."

मला वाटलं, वहिनी नाहीत आणि बिचाऱ्या गुप्त्यांना हा वास एकट्याने सोसावा लागतोय, म्हणून माणूस हळहळतोय.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या सानेबाई. "काका, वर जाताना नाकाला पदर लावावा लागतो. मोठ्या माणसाला बोलायला बरं वाटत नाही, पण आता तुम्हीच काय ते करा."

"करतो. आजच करतो."

मजल्यावर दारं दोन. मग वास कुणाच्या घरातून येत असेल? तुमच्या मनात आलं ना? माझ्या नाही आलं. मी थेट समोरच्या दाराकडे बघितलं.

बघितल्यावर पुरावेही सापडायला लागले. त्या दाराच्या कडीत सकाळ-संध्याकाळ दोन-दोन उदबत्त्या खोचलेल्या. घरात काही लपवायचं नसेल तर दाराबाहेर उदबत्ती कोण लावतं? दुसरं, ती मुलगी रोज सकाळी ड्युटीवर जाताना माझी बेल वाजवायला लागली होती. "गुड मॉर्निंग अंकल. सब ठीक? तबियत ठीक?" आणि मला आपादमस्तक निरखायची. एकदा मी अंघोळीला होतो, तर दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढलं नाही. मी साबणासकट बाहेर आलो. मला बघून तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि "बाय अंकल" म्हणून निघून गेली. मी मनात म्हटलं, अपराधी मन कसं मस्का मारतंय बघा.

त्याच आठवड्यात सोमवारी इंग्लंडहून माझ्या मुलीचा फोन. रडवेली झालेली. आई रोज फोडण्या देते, म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईने दारातून चिठ्ठी सरकवली होती. 'आम्हाला तुमच्या खाद्यसंस्कृतीबद्दल पूर्ण आदर आहे, तथापि...' वगैरे वगैरे.

मी भडकलो. "हा वर्णद्वेष आहे, शुद्ध वर्णद्वेष. आदर म्हणे. 'तथापि'च्या आधीचं सगळं खोटं असतं, मी पस्तीस वर्षं मसुदे लिहिलेत, मला शिकवू नका." तिथल्या तिथे दीड पानाचं उत्तर सांगितलं. ते मी कट्ट्यावरही वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या.

हे सोमवारी. गुरुवारी मी रिनीला नोटीस लिहिली. सुरुवात कशी होती ते तुम्ही ओळखलंच असेल. 'आपल्या खाद्यसंस्कृतीबद्दल संस्थेस पूर्ण आदर आहे. तथापि, आपल्या स्वयंपाकगृहातून येणाऱ्या दुर्गंधीमुळे...' खाली सही, शिक्का. एक प्रत फ्लॅटमालक श्री. वैद्य यांना.

पाठवण्याआधी जाधवांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं.

"गुप्ते, मानलं तुम्हाला. काय डोकं लावलंत."

"अहो, आयुष्यभर दुसरं केलं काय?"

"पण त्या पोरीचं काय?"

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मसुद्याची एवढी कदर कचेरीत कधी झाली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी रिनी दारात. अंगावर हॉस्पिटलचा युनिफॉर्म, हातात नोटीस.

"अंकल, ओनर का फोन आया. महीने के आखिर तक घर खाली करने को बोला."

"हे बघ, यात व्यक्तिगत काही नाही."

"मेरा चौथा घर है, अंकल. पहले कल्याण, फिर कोपरी में दो. हर बार स्मेल." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "आप आके मेरा किचन देखो. जो मिले वो लिखो, और साइन करके दो."

स्थळपाहणी आणि पंचनामा. नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. पंच म्हणून जाधवांना वर बोलावलं. "मला कशाला मध्ये?" करत आले.

तिचं स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा, दोन पातेली आणि कमालीची स्वच्छता. एकात भात, दुसऱ्यात उकडलेली पालेभाजी. मी पाठीमागे हात बांधून दीर्घ श्वास घेतला. "हं. येतोय."

"कहाँ से?"

मी फ्रिजकडे बोट केलं. तिने फ्रिज उघडला. दूध, टोमॅटो, अर्धा नारळ.

"जाधव, तुम्हाला येतोय ना?"

जाधव पंख्याकडे बघत होते. "येतोय. पण इथला नाही तो."

"मग कुठला?"

"गुप्ते, आता पुरे करा हो. पोरीसमोर कशाला नाटक?"

"कसलं नाटक?"

रिनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने खिशातून एक कापसाचा बोळा काढला, लहान बाटलीतलं काहीतरी त्यावर टाकलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. "अंकल, ये क्या है?"

आता माघार कशी घ्यायची? मी बेधडक सांगितलं, "उदबत्ती."

"ये स्पिरिट है."

मग ती समोर माझ्या उघड्या घरात शिरली, थेट स्वयंपाकघरात गेली आणि माळ्याखाली उभी राहिली. "वो डिब्बा."

स्टुलावर चढून जाधवांनी डबा खाली घेतला आणि झाकण उघडलं. त्यानंतर ते मला दिसले नाहीत, फक्त जिन्यावरून धावत उतरताना ऐकू आले. मी डब्यात डोकावलो. वास मला येत नव्हता, पण दिसत होतं. मे महिन्यात वाळवलेले बोंबील ऑगस्टमध्ये हलत होते.

मी स्टुलावर बसलो.

"तुला माहीत होतं?"

"एक महीने से."

"मग बोलली का नाहीस?"

"मैं बोलती, बदबू अंकल के घर से है. कौन मानता?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"म्हणून उदबत्त्या?"

"लोग ऊपर आते हैं तो पहले मेरा दरवाजा देखते हैं."

तेही खरं. मीसुद्धा तेच बघितलं होतं.

"आणि ती रोज सकाळची बेल?"

ती जरा घुटमळली. "आप अकेले रहते हो. बदबू रोज बढ़ रही थी. मैं नर्स हूँ, अंकल. बस... चेक करती थी."

"काय चेक करायची ती?" जाधवांनी जिन्यातून ओरडून विचारलं.

"मी सडतोय का ते," मी म्हटलं.

जाधव नाकाला रुमाल बांधून वर आले. "म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? अहो, सुकटीचा वास आम्हाला ओळखू येणार नाही? बिल्डिंगभर सगळ्यांना माहीत होतं. नोटीस बघून वाटलं, तुम्ही बेमालूम त्या पोरीच्या नावावर टाकलंत."

"आणि तुम्ही माझा हात हातात घेऊन हलवलात?"

"आता सेक्रेटरी तुम्ही," जाधव म्हणाले. "आणि ती काय, आज आहे, उद्या नाही."

हे ते तिच्यासमोर बोलले, मराठीत, तिला कळणार नाही अशा समजुतीने. रिनी डब्याला दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवत होती. तिने वर बघितलं नाही, पण गाठ फार जोरात मारली.

दुसऱ्या दिवशी मी डोंबिवलीला वैद्यांच्या घरी गेलो. त्यांनी पोहे पुढे केले.

"वैद्य, ती नोटीस चुकीची होती. वास माझ्या घरातला होता."

"असेल हो. पण झालं ते बरंच झालं. अशी माणसं नकोतच बिल्डिंगमध्ये."

"कसली माणसं?"

"म्हणजे यांचं खाणंपिणं... वास..."

"वैद्य, वास माझा होता."

"ते झालं. पण आज ना उद्या तिचाही आलाच असता."

हा युक्तिवाद मी आधी कुठे ऐकलाय, असं वाटलं. कुठे काय, माझ्याच डोक्यात ऐकला होता, तीन दिवसांपूर्वी. तेव्हा मला तो फार सयुक्तिक वाटला होता.

"तुम्ही हे लेखी द्याल?" वैद्यांनी विचारलं. हा काही देत नाही, अशी त्यांची खात्री होती. पण माणसाने कारकुनाला लेखी मागू नये. पोह्यांची बशी बाजूला सारून मी तिथेच लिहिलं, 'तिसऱ्या मजल्यावरील दुर्गंधी निम्नस्वाक्षरीकाराच्या घरातील सुक्या मासळीची होती. भाडेकरूचा तिच्याशी काहीही संबंध नाही. सबब भाडेकरूस काढल्यास संस्था लेखी हरकत घेईल.' यात 'तथापि' कुठेच नव्हता. एक प्रत वैद्यांना, एक रिनीला, आणि एक नोटिसबोर्डावर मी स्वतः टाचणीने लावली. ती वाचायला चौथ्या मजल्यावरची माणसं काम नसतानाही खाली उतरायची. वैद्यांनी कुरकुर करत का होईना, घर तिच्याकडेच ठेवलं.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. नोटिशीतलं पहिलं वाक्यही वाचून दाखवलं.

"अहो," ती म्हणाली, "इथल्या त्या खालच्या बाईला निदान वास तरी येत होता."

इथे किस्सा संपला असता तर मी सुधारलो, असं म्हणायला जागा होती. तुमच्यासमोर जरा ताठ बसलो असतो.

पण आठवड्याभराने सकाळी पुन्हा बेल. वास तर गेला होता. मी दार उघडलं. रिनी उभी, खांद्याला पर्स, नाक किंचित वर केलेलं.

"अंकल, दूध जल रहा है."

माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या गॅसवर, माझं दूध. मजल्यावर दारं दोनच. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला, माहीत आहे?

"किसका?"