नामदेवभाऊंच्या जीपचा शाफ्ट

जुनी जीप पाळली की अंगणात भंगार साचतं आणि तोंडात किस्से. आम्हा मित्रांचे इतके साचलेत की घरच्यांनी ऐकणंच सोडलंय! रायपूरच्या गुढियारीत नामदेवभाऊंच्या अंगणात दर रविवारी सकाळी आमचा अड्डा. भाऊ रेल्वेतून रिटायर झालेले, आमच्यात सगळ्यात मोठे. हल्ली हे किस्से सांगताना हसू कमी येतं.

*

भाऊंचा नियम होता. जीप निघण्याआधी प्रत्येकानं खाली झोपायचं आणि चाकांना ताकद देणारा लांब शाफ्ट हातानं हलवून बघायचा. जोड ढिला लागला की सहल कॅन्सल! एकदा आमच्यातला प्रकाश नवाकोरा पांढरा शर्ट घालून आला.

"भाऊ, आज राहू द्या ना."

"शर्ट धुता येते. शाफ्ट जंगलात तुटला त काय करशीन?"

झोपला बिचारा. पाठभर ग्रीस घेऊन कार्यक्रमाला गेला. साखरपुडा त्याचाच होता!

*

भाऊ जोडांत ग्रीस भरत बसले की शोभावहिनी चिडायच्या. "माह्या गुडघ्याले कधी लावलं का हो एवढं तेल?"

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तर भाऊ ओसरीवर, वाटी घेऊन, वहिनींचे गुडघे चोळत होते. वहिनी लाजून लाल!

*

मग एका रविवारी भाऊंनी ग्रीस भरलं, चहा घेतला आणि पुन्हा ग्रीस भरायला खाली गेले. बाहेर आले, परत गेले.

प्रकाश म्हणाला, "भाऊ, शाफ्टले आंघोळ घालून राहिले का?"

भाऊही हसले. मग त्याच्याकडे बघत राहिले. "तू कोनाचा पोट्टा रे?"

*

एकदा ते एकटेच जीप घेऊन गेले. नवा रायपूरच्या मोकळ्या रस्त्यावर सापडले, घर कुठे ते आठवेना. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. वहिनींनी चावी लपवली तर भाऊ लहान मुलासारखे रडले. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "बेच दो ना मम्मी!"

वहिनी आम्हाला म्हणाल्या, "गाडी गेली त हे बी जातीन. तुम्हीच काही करा, भैया."

आम्ही ठरवलं, पुढचा-मागचा असे दोन्ही शाफ्ट काढायचे. इंजिन सुरू होईल, जीप जागची हलणार नाही.

*

बोल्ट ढिले करत होतो आणि भाऊ बाहेर आले.

त्यांनी वाकून पाहिलं. "खडूनं निशानी केली का रे? निशानी केल्याबिगर शाफ्ट खोलाचा नाही. लावतानी उलटा बसला त गाडी थरथरते." आणि स्वतः खडू आणून दिला.

मला रडू आवरेना. प्रकाश तर कितीतरी वेळ जीपखालून बाहेरच आला नाही.

*

परवाच्या रविवारी मी फाटकातून आत शिरलो तर जीप अंगणातच, इंजिन सुरू. भाऊ स्टिअरिंगवर, गिअर बदलत होते. शेजारी वहिनी, इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर पर्स.

"कुठं निघाले, वहिनी?"

"अभनपूरले. माह्या बहिनीकडे."

भाऊ खुशीत ओरडले, "पाहून राहिला ना? शाफ्टचा एक बी आवाज नाही!"

वहिनींनी पदर सावरला. "हव. पन जरा हळू चालवा."