बिनवासाची

निघायच्या दिवशी चंद्रीची धार मीच काढली. मग आंघोळ केली, आणि पुन्हा एकदा केली, कारण आई म्हणाली, "म्हशीचा वास घिऊन दवाखान्यात बसू नको." कन्नडच्या स्टँडवर बस हलेपर्यंत ती खिडकीची सळई धरून उभी होती. शहर जेमतेम दीड-दोन तासांवर, पण आम्ही रडलो परदेशी चालल्यासारख्या.

दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला लागले. पेशंटची नावं लिहायची आणि हसत राहायचं. मे महिन्यात शेजारी बसणाऱ्या शीतलने आपली खुर्ची खिडकीकडे ओढली. दुसऱ्या दिवशी माझ्या ड्रॉवरमध्ये डिओची बाटली होती. इतकी लाज वाटली, की दिवसभर मी फाईल काढायलासुद्धा हात वर केला नाही.

मग माझी फवारणी सुरू झाली. कपाशीवर मारावा तसा मी डिओ मारायचे, ड्रेसवर, ओढणीवरसुद्धा. दुपारपर्यंत घाम आणि गुलाब दोन्ही एकदमच यायचे. शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या चाचांना माझी दया आली. "बेटा, ये खाली बू छुपाता, पसीना नै रोकता. पसीना रोकना तो ये रोल-ऑन लेव." मोगऱ्याच्या वासाचं ते रोल-ऑन लागू पडलं. शीतलची खुर्ची जागेवर आली.

दिवाळीला घरी गेले ती थेट गोठ्यात. चंद्री मला बघून बुजली. फुरफुरली, दावं ताणून मागं सरली. तरी मी धारेला बसले, तर तिने पान्हा चोरला. नवखं माणूस धारेला बसणार असेल, तर आमच्याकडे रोज धार काढणारीचं जुनं लुगडं त्याच्या अंगावर टाकतात. त्या वासाला जनावर फसतं. आईने दांडीवरची आपली साडी ओढली आणि माझ्या खांद्यावर टाकली.

"घे गुंडाळून. लई वास येतोय तुझ्या अंगाला."

साडी गुंडाळल्यावर चंद्रीने पान्हा सोडला. मी तिच्या पोटाला कपाळ टेकवून रडले. माझ्याच म्हशीला फसवून मी दूध काढत होते.

परतल्यावर मेडिकलमध्ये एकेक बाटली उघडून हुंगली. चाचा वैतागले. घाम थांबवणारं हवं, पण वास कसलाच नको, असं मी सांगितलं. कशासाठी, तर म्हशीसाठी, हे कोणत्या तोंडाने सांगणार? "स्किन नाजूक आहे," मी म्हणाले आणि बिनवासाचं रोल-ऑन घेऊन आले.

संक्रांतीला आई साडी आणायला वळली, तर मी तिला थांबवलं. चंद्रीने मला बराच वेळ हुंगलं. मग काखेतच तोंड खुपसलं आणि खरखरीत जिभेनं हात चाटला. "वळखलं गं बया, वळखलं!" आई म्हणाली. तेवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

तेच रोल-ऑन मी अजून वापरते. आता माझ्यापासून कुणी खुर्ची हलवत नाही आणि जवळही ओढत नाही. शीतल नोकरी सोडून गेली. नवी मुलगी मला मॅडम म्हणते, नाव तिने विचारलेलं नाही. संध्याकाळी खोलीचं कुलूप काढते, तेव्हा आत कुणी कान टवकारत नाही. गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं मी इथं रुळले. माझ्यासारखे खोली करून राहणारे तरी ओळखतील, की मी इथं फक्त कुणाला खुपत नाही. डोळे मिटून मला कुणी ओळखावं, असं एकच ठिकाण माझ्याकडे होतं.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. चंद्री आटली आहे. "माझ्यानं आता वैरण व्हत नाय. मावशीकडं धाडते तिला."

नको म्हणायला तोंड उघडलं, पण वैरण टाकायला मी कुठे आहे तिथं?

"बरं," मी म्हणाले. "आई, ती धारेची साडी मला पाठव. धुऊ नको."