कुकरची वाफ

मी सांगितलेलं कुणी खरं मानत नाही. चौथी शिकलेली, कर्जतच्या स्किनच्या दवाखान्यात फरशी पुसणारी बाई. तिचं काय ऐकायचं? पण चेहऱ्याची साल काढून घेतलेली माणसं पुढं काय घोळ घालतात, ते डॉक्टर मॅडमच्या आधी मला कळतं. बाहेरच्या बाकावर सगळं बोलतात. माझ्याकडं किती साठलंय!

पळसदरीची एक बाई. पीलिंग करून चार दिवस नाही झाले, तर उन्हाळी भाताच्या लावणीला गेली. ऊन नको म्हणून मी बजावलं होतं. तोंड काळवंडून आली आणि मलाच म्हणते, "डोक्यावर पदर होता की गं!"

अगं, पण वाकली होतीस ना? ऊन खाचरातल्या पाण्यातनं आलं.

चौकचा एक ढाबेवाला. मुरमाच्या खड्ड्यांवर लेझर मारलं. खपल्या आपोआप पडू द्यायच्या, तर यानं भट्टीसमोर बसून नखानं काढल्या. "उकडलेला बटाटा सोलतोच ना, मावशी." जुने खड्डे राहिले, वर नवे आले.

बायकांचं वेगळंच. हे केलंय ते घरी सांगायची लाज. लाल तोंड घेऊन जायचं कसं? त्यावर तोड मीच काढलेली: सांगायचं, कुकरची वाफ लागली. कितीजणींना शिकवलं! तोराही होता मला त्याचा.

माझी भाची रूपाली कशेळ्याला दिलीय. तिच्या गालांवर वांग आले, तर मीच तिला पीलिंगला आणलं, मीच वाफेचं पढवून घरी धाडलं. सासू जीव लावणारी. सून भाजली म्हणून तिनं रोज दोन वेळा तिच्या तोंडाला टूथपेस्ट थापली. आग व्हायची, पण खरं सांगायची सोय नाही. रूपाली लावून घेत राहिली. आठवड्यानं सासूच तिला घेऊन आली तेव्हा दोन्ही गाल चिघळलेले.

टूथपेस्टचं ऐकताच मॅडम सासूवर ओरडल्या. म्हातारी आपल्या हातांकडं बघत म्हणाली, "माज्या हातानं पोरीचं तोंड जाळलं गं."

मी फडकं घेऊन शेजारीच उभी होते. फरशी पुसायला वाकले. एरवी कुणाचं ऐकून घेत नाही मी.

जखमा भरल्या, डाग राहिले. कशेळ्यात सासूचं नाव खराब झालं, सुनेचं तोंड जाळलं म्हणून. तीन महिने मी ते ऐकत होते.

परवा दोघी दाखवायला आल्या. डाग जायला वर्ष लागेल, थोडे राहतीलही, मॅडम म्हणाल्या. बाकावर म्हातारी पुन्हा सुनेची माफी मागायला लागली. रूपालीनं तिचे हात धरले.

"आई, तुमी नाय केलंत. वाफ लागलीच नव्हती. मला तसं सांगायला शिकवलं होतं."

"कुणी गं?"

रूपालीनं माझ्याकडं बघितलं नाही.

"सुमनमावशीनं."