भावोजींचे हात

भावोजी रंगारी. दिवसभर शिडीवर उभं राहून छतं रंगवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन वर आमचीच फिरकी घ्यायचे. त्यांच्या पापण्या जांभळट दिसायला लागल्या तेव्हा पहिली हसले ती मीच.

"काय भावोजी, ताईची मेकअपची डबी चोरून लावता की काय?"

"मेव्हणीबाई, आमच्या रूपावर जळू नका."

मग बोटांच्या सांध्यांवर लाल, खरखरीत चट्टे उठले. त्वचेच्या डॉक्टरांनी रंगाची अ‍ॅलर्जी म्हणून मलम दिलं. भावोजींनी हातमोजे घातले, रंग बदलून पाहिले. चट्टे हटेनात. उलट छताला ब्रश लावला की हात आपोआप खाली यायला लागला. फारसा दुखायचा नाही, नुसतं त्राण नसायचं. छतं त्यांनी जोडीदाराच्या गळ्यात घातली आणि स्वतः खालच्या भिंती घेतल्या. भांग पाडायला हात वर जाईना, म्हणून डोकंच हाताकडे न्यायचे. ताईने विचारलं की वसकन अंगावर यायचे, "वय झालं माझं, दुसरं काय!"

एके दिवशी ताई कामाला गेली होती. भावोजी स्टुलावर बसून आंघोळ करत होते. उठायला गेले तर मांड्या उचलेनात. कडी आतून लावलेली, हात तिथवर पोचेना. हाका मारून घसा बसला. ताई परतली तेव्हा घरात सामसूम.

"अहो, कुठे आहात?"

"इथेच. कुठे जातोय मी?"

शेजारच्या सुताराने कडी उचकटली. ताईने अंगावर टॉवेल टाकला. भावोजींनी मान वर केली नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात न टेकता खुर्चीवरून उठा बघू." भावोजींनी जोर लावला, चेहरा लालबुंद झाला, पण बूड हललं नाही. बाईंनी त्यांच्या पापण्या पाहिल्या, बोटं पाहिली. रक्त तपासलं, स्नायूंत सुया टोचल्या, मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला.

"डर्माटोमायोसायटिस," त्यांनी सांगितलं. "क्वचित होणारा आजार आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा तुमच्याच कातडीवर आणि स्नायूंवर उलटलीय. औषधं आहेत. पण याच्या आड कधी कधी कॅन्सर दडलेला असतो, तोही शोधावा लागेल."

कॅन्सर निघाला नाही. रिपोर्ट हातात घेऊन ताई दवाखान्याच्या जिन्यातच रडत बसली.

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. भावोजींचा चेहरा फुगला, भूक आवरेना, झोप उडाली. उन्हाने चट्टे भडकतात म्हणून दिवसासुद्धा पडदे ओढलेले. "लोकांच्या भिंती रंगवण्यात जन्म गेला," ते म्हणायचे, "आता या चार भिंती मला गिळतायत."

हळूहळू ताकद आली. जिना उतरता यायला लागला तशी भावोजींनी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या आणि कामावर गेले. थोड्याच दिवसांत पाणी पिताना ठसका लागून नाकातून पाणी आलं. आजार आता गिळण्याच्या स्नायूंवर गेला होता. पुन्हा दवाखाना, सलाइनमधून महागडं औषध.

"मला माझं काम हवं होतं गं," ते खाटेवरून पुटपुटले.

"आणि मला?" ताई म्हणाली. "मला काय हवंय, कधी विचारलंत?"



आता गोळ्यांचा डोस कमी झालाय, जोडीला दुसरं औषध आहे, रक्ततपासणी चालूच असते. व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. हात खांद्यापर्यंत जातात, त्यावर नाही. छताचं काम सुटलं ते सुटलंच.

परवा मी ताईला जबरदस्तीने मैत्रिणीकडे पिटाळलं. "मी आहे भावोजींपाशी, निवांत ये." तासाभरात ती दारात हजर.

"काय गं, भेटली नाही का?"

"भेटली की. ती बोलत होती, आणि माझे कान इकडे." चपलासुद्धा न काढता ती आतल्या खोलीत गेली. "अहो, उठलात का? की बसूनच आहात?"