मालडब्यातले शेंगदाणे

अल्टूना या रेल्वेच्या गावात घरटी एक माणूस रेल्वेत होता, पण वर्न हॉस्टेटरने जन्मभर शाळेची बस चालवली. तरी मालगाडीच्या डब्यांचा नाद मात्र त्याला भारी. खऱ्या डब्यांसारखे हुबेहूब, वीतभर लांबीचे डबे तो हौसेने जमवायचा. शिडी, ब्रेकचं चाक, सगळं जिथल्या तिथे. आणलेला डबा खोक्यासकट कपाटात जायचा. रुळावर एकही कधी धावला नाही. रंगाला ओरखडा गेला तर?

गेल्या हिवाळ्यात त्याच्या बायकोचं, अर्लीनचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती बैठकीतल्या खुर्चीला खिळली.

"बर्फ बघून बघून कंटाळले रे," ती म्हणाली. "तुझे ते कोंडलेले कैदी तरी बाहेर काढ!"

वर्नने थोडे आढेवेढे घेतले. मग स्वयंपाकघरापासून तिच्या खुर्चीपर्यंत रूळ टाकले आणि कोळशाच्या उघड्या डब्यांत खारे शेंगदाणे भरून, पुढे छोटं इंजिन जोडून गाडी सोडली. ती समोर येऊन थांबली तेव्हा अर्लीन इतकी हसली, की तिला गुडघा धरावा लागला.

मग रोजच गाडी येऊ लागली. एकदा वर्नसारखाच डबे जमवणारा त्याचा मित्र डेल्मर आला आणि किंचाळलाच.

"अरे, वेड लागलं का तुला? तेल-मिठाने रंगाची वाट लागली की!"

"लागली," वर्न खुशीत म्हणाला.

"ओरडू नकोस, बस," अर्लीन म्हणाली. "दाणे घेशील की बदाम?"

डेल्मर डब्यांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बदाम."

वर्न उठला आणि बदामांसाठी त्याने कपाटातला सगळ्यात देखणा डबा काढला.