आबांची उजवी बाजू

राजेश्वरी काय काम करते, हे कार्ल्यात कुणाला धड सांगता यायचं नाही. तिची आई झुंबरबाई "कम्प्युटरवर असती" म्हणून मोकळी व्हायची. परदेशातल्या एका अवाढव्य यंत्रात शिशाच्या अणूंची केंद्रकं एकमेकांवर आपटतात. धडक मधोमध बसली नाही, तर जो भाग एकमेकांवर येतो तो बदामाच्या आकाराचा होतो, आणि त्यातून निघणारे कण सगळीकडे सारखे न जाता काही दिशांना जास्त जातात. किती जास्त, ते पुण्यात बसून राजेश्वरी गेली आठ वर्षं मोजत होती.

सुट्टीला आली की वडिलांशेजारी, आबांशेजारी, ओट्यावर बसून ती हे सगळं सांगायची. ओट्याच्या उजव्या टोकाला पायऱ्या, म्हणून ती डावीकडे. आबा खाचरांकडे बघत बसायचे. हूं नाही की चूं नाही. पायरीवरून शेजारच्या रखमाजीनं हाक मारली की मात्र तासभर गप्पा. आपलं हे शिकणं आबांना रुचलंच नाही, असं तिनं मनात धरलं होतं. फार लागायचं तिला ते.

यंदा भातकापणीला आली आणि तिचं उत्तरच चुकलं. कणांचा ओढा एका बाजूला भलताच दिसत होता. तिच्या वरिष्ठ अनघाताईंनी फोनवर विचारलं, "यंत्राची कण टिपणारी दुसरी बाजू बंद होती ना गं? तिकडे कण गेले नाहीत, की आपल्याला दिसले नाहीत?"

राजेश्वरीनं कपाळावर हात मारला. ओट्यावर बसूनच, बंद बाजू लक्षात घेऊन पुन्हा मोजलं. खोटा ओढा गेला, खरा तेवढा उरला.

मान वर केली, तर पायरीवरचा रखमाजी आणि ओट्यावरचे आबा हसत होते. आबांनी तीस वर्षं भाताची गिरणी चालवली होती. इंजिन कायम डाव्या हाताला. रखमाजी गेल्यावर ती उठली आणि त्याच्या जागी, पायरीवर जाऊन बसली.

"आबा, डाव्या कानानं आयकू येतं का तुमाला?"

"न्हाई गं. गिरणीतच गेला त्यो."

"मग कदी बोलला न्हाई?"

"तू सांगताना लय खुलतीस. मधीच थांबवू वाटंना." आबा जरा तिच्याकडे सरकले. "आता सांग की पयल्यापास्नं."

तिनं पहिल्यापासून सांगितलं. बदामापाशी आली, तसा आबांनी हात वर केला.

"आन् बरूबर मधोमध धडकली तर?"

आठ वर्षांतला त्यांचा हा पहिला प्रश्न. ती त्यांच्या उजव्या कानाशी झुकली.

"मग सगळीकडं जवळजवळ सारकंच जातंय, आबा."