शकूमावशीच्या धमनीतली साय

"शकू गेली वं..." मौसाजींचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, "हार्ट?" "नाही. न्यूमोनिया झाला होता तिले." महिना होत आला, तरी वाटतं, या उत्तराचं सगळ्यात जास्त नवल मावशीलाच वाटलं असतं.

काही वर्षांपूर्वी बेसा वस्तीतल्या तिच्या घरी तिचा जबडा दुखायला लागला. जिना चढली की दुखायचा, बसली की थांबायचा. ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी दात तपासले आणि म्हणाले, "दात ठीक आहेत. आजच ईसीजी काढून घ्या." हृदयाची एक धमनी जवळजवळ बंद झालेली निघाली. ती उघडी ठेवायला स्टेंट बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे रडवेले, आणि ही डॉक्टरांना विचारते, "मले त्या धमनीचा फोटो दाखवता का? केव्हापासून साचून राहिलं होतं हे?"

"तरुणपणापासून," डॉक्टर म्हणाले. मावशीचे पुन्हा प्रश्न. तिला वाटायचं, नळात गाळ बसतो तशी चरबी बसत असेल. तसं नव्हतं, डॉक्टरांनी समजावलं. रक्तदाब, साखर, तंबाखू यांनी धमनीचं अस्तर दुखावतं, चरबी त्या अस्तराच्या आत शिरते आणि वर पातळ साय धरते. ती साय फाटली की गुठळी होते, झटका येतो. "म्हणजे साय फाटू द्यायची नाही," असं म्हणून ती वळली ती थेट मौसाजींकडे. त्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. "तुमची साय कशी आहे हो?"

"माझ्या मागं काहून लागली तू?" मौसाजी चिडले. ती भांडली नाही. "मले एकटीले जगून काय करायचं हाय?" एवढंच म्हणाली. मौसाजींनी खर्रा सोडला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला. तिनं मात्र रक्तदाबाची गोळी कधी चुकवली नाही. रश्श्याच्या तर्रीवरचं तेल चमच्यानं काढून टाकायची आणि त्या तेलाकडे जरा वेळ बघत बसायची.

परवा संध्याकाळी मी गेले तेव्हा मौसाजी दारात बूट घालत होते. "ही तिची फिरायची वेळ. रोज म्हणे, चला. मी टीव्हीसमोरून उठलो नाही कधी." आम्ही दोघं निघालो. वळणावर ते थांबले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"ती कुठपर्यंत जायची वं?"

मलाही माहीत नव्हतं. आम्ही चालत राहिलो.